कुलवृत्तांतांत नसलेलीं नांवें

सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतहि कांहीं दुखणीं दाराआड कुजबुजत बोलण्याची रीत असते. आमच्या आत्याबाई ४१ व्या वर्षीं गेल्या. ‘गांठ होती’ यापलीकडे आम्हां मुलांस कोणी कांहीं सांगितलें नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या भगिनीस ४४ व्या वर्षीं स्तनाचा कर्करोग झाला. उपचार होऊन ती आज सुखरूप आहे. परंतु घराण्याची हकीकत ऐकून डॉक्टरांनीं आनुवंशिक सल्लागारास भेटण्यास सुचविलें, आणि घरांत वाद सुरू झाला.

दादा म्हणाले, “घरांत दोन मुली लग्नाच्या आहेत. असलें कांहीं कागदावर आणूं नये.” त्यांचा आम्हांस राग आला नाहीं. त्या दोघींपैकीं एक आमचीच कन्या; आणि तीच भीति आमच्याहि मनांत होती.

मग आम्ही थोडें वाचूं लागलों. कांहीं कुटुंबांतील या रोगाचें मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे, असें मेरी-क्लेअर किंग यांनीं १९९० सालीं दाखविलें. १९९४ सालीं ‘बीआरसीए-१’ हें जनुक हातीं लागलें, पाठोपाठ ‘बीआरसीए-२’. स्तनाच्या कर्करोगांपैकीं शेंकडा ५ ते १० च आनुवंशिक असतात. परंतु जेथें दोष असतो, तेथें तो आईकडून येतो तसाच बापाकडूनहि येतो, आणि प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणजे आजन्म निरोगी राहिलेल्या आमच्या वडिलांकडून तो आला असेल, आणि आमच्याकडून पुढें गेलाहि असेल!

आम्हीं कपाटांतून कुलवृत्तांत काढला. आत्याबाईंच्या नांवापुढें सासरचें आडनांव, एवढेंच. आजोबांच्या बहिणींचीं तर नांवेंहि नाहींत. गोत्र बदललें म्हणून आपण लेकींस वंशावळींतून वगळलें. रक्तानें त्यांस वगळलें नव्हतें.

शेवटीं भगिनीच बोलली, “आत्याचें मला कोणी नीट सांगितलें असतें, तर ती गांठ मीं सहा महिने अंगावर काढली नसती.” यावर दादांजवळ उत्तर नव्हतें. आमच्याजवळहि नव्हतें.

सल्ला घेणें म्हणजे चांचणी करणें नव्हे. चांचणी प्रथम भगिनीची व्हावी, कारण तिच्यांत दोष सांपडला तरच इतरांच्या चांचणीस निश्चित अर्थ येतो. पुढें मुलींनीं काय करावें, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. सोयरिकीच्या वेळीं काय सांगावें, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. परंतु माहिती दडविण्याचा अधिकार आम्हां वडीलधाऱ्यांस नाहीं, इतकें ठरलें.

हकीकत पुरी करण्यासाठीं आम्हीं आत्याबाईंच्या सूनबाईंस फोन केला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “बरें झालें विचारलेंत. आमच्या वन्संनाहि तेंच झालें होतें. तुम्हांस कळविलें नाहीं, इतकेंच.”

दादा शेजारींच बसले होते. त्यांनीं कुलवृत्तांत पुढें ओढला आणि विचारलें, “वन्संचें नांव काय म्हणाल्या?”