आटत गेलेलं पाणी

लोणारच्या कड्यावरून खाली उतरू लागलं की पाण्याआधी वास भेटतो. उग्र, शेवाळी, थोडा कुजकट. बाभळींच्या सावल्या मागे पडतात, एखादा मोर पाऊलवाट ओलांडून निघून जातो, आणि बसाल्टच्या काळ्या खडकात कोरलेली ती पावणेदोन किलोमीटरहून रुंद वाटी एकदम पुढे येते. तळाशी हिरवट, जड, हलायलाही कंटाळलेलं पाणी, आणि पाण्याच्या कडेकडेने पांढरी खपली. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की ती पायाखाली चुरचुरते. मी चिमूटभर जिभेला लावली.

पापडखार!

त्या एका चवीसरशी गच्चीवरचं सगळं ऊन परत आलं. उडदाच्या पिठाचा गोळा, तेलाचा हात लावून घातलेले वरवंट्याचे घाव, दोऱ्याने कापलेल्या लाट्या, त्यातली एखादी लपवून तोंडात टाकण्याची आमची घाई, आणि आजीची ताकीद, “खार बेताने घाल गं, पापड कडू होतील.” तो खार येतो कुठून, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. वाण्याकडून यायचा. एवढं पुरेसं होतं.

लवणासुराची गोष्ट लोणारात कुणीही सांगेल. विष्णूने त्याला मारलं, त्याच्या रक्ताचं पाणी झालं आणि मांसाचं मीठ. विज्ञानाची गोष्ट कमी रक्ताळलेली आहे, पण तिच्यातही आकाशातून कुणीतरी येऊन आदळतंच. मात्र खार त्या उल्केने आणलेला नाही. तिने दिला तो खड्डा. बाकीचं काम पावसाने आणि झऱ्यांनी केलं. खडकातला क्षार कणाकणाने विरघळवून तळाशी आणला, आणि बाहेर जायला वाटच नसलेलं पाणी वर्षानुवर्षं उन्हात आटत राहिलं.

म्हणून २०२५च्या जानेवारीत बेनूची बातमी वाचली तेव्हा मी जागीच थबकले. बेनू म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह, दगडगोट्यांचा सैलसर ढीग. ओसायरिस-रेक्स यानाने त्याची माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात आणून उतरवली. सगळी मिळून १२१.६ ग्रॅम. ओंजळही भरणार नाही. त्या काळ्या भुकटीत शास्त्रज्ञांना सापडलं सोडियम कार्बोनेट: लोणारच्या काठावर पांढरं होऊन बसणारं, आजीच्या डब्यात असायचं ते.

म्हणजे तिथेही पाणी होतं. आणि ते आटलं होतं.

कुठे? सूर्य नुकता पेटत होता तेव्हा, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी. वायू आणि धुळीचा एक ढग स्वतःच्याच भाराने आकसत, गरगरत चपटा झाला होता, आणि त्या चकतीत धुळीचे कण, खाटेखाली लोकरीसारखी पुंजकी जमावीत तसे, एकमेकांना नुसते बिलगत होते. त्या कणांवर बर्फाची पुटं होती, पाण्याची, अमोनियाची; आणि ताऱ्यांचा अतिनील प्रकाश त्या गोठलेल्या पुटांत हळूहळू नवे रेणू घडवत होता. कण वाढून खडे झाले, खड्यांचे डोंगर झाले. बेनू ज्याचा तुकडा, ते मोठं पिंड असंच जमून आलं. त्याच्या पोटात किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम होतं. त्याच्या उबेने बर्फ वितळला आणि सूर्यापासून कुठेतरी दूर, गार अंधारात, दगडाच्या भेगांतून कोमट पाणी वाहू लागलं. मग ऊब ओसरली. पाणी उणं होत गेलं, आणि त्यातले क्षार क्रमाने खाली बसले, सहज न विरघळणारे आधी, साधं मीठ अगदी शेवटी.

निर्मिती म्हटलं की आपल्याला फुटणं दिसतं, उमलणं, उसळणं. मला हल्ली वाटतं, जगातलं पुष्कळसं महत्त्वाचं काम कमी होत जाण्याने झालं असावं. पाणी भरपूर असतं तेव्हा त्यातले रेणू एकमेकांना भेटतच नाहीत. ते आटतं, दाट होतं, भेगेत एवढंसं उरतं, तेव्हा कुठे शेजार घडतो. बेनूच्या मातीत तसा शेजार होता: आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांतली चौदा, डीएनए आणि आरएनएची अक्षरं म्हणावीत ते पाचही रेणू, शिवाय अमोनिया. सामान सगळं मांडलेलं.

जीव मात्र नाही.

रोहिणीजवळ, वृषभ राशीत, एचएल टॉरी नावाचा तारा आहे, सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर. २०१४ साली चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणींनी त्याचं चित्र घेतलं: केशरी चकती, आणि तिच्यात काळी वर्तुळं, जिथली धूळ बहुधा जन्मणारे ग्रह वेचून घेत आहेत. त्या चित्राकडे मी पुष्कळ वेळ पाहत बसते. तिथेही कुठल्या तरी खडकाच्या पोटात आत्ता पाणी कोमट होत असेल का, आणि त्याला आटायला सवड मिळेल का, याची उगाच काळजी वाटते.

बेनूच्या त्या रेणूंत एक गोष्ट फार मोहक आहे. अमिनो आम्लं दोन हातांसारखी, डावी आणि उजवी, एकमेकांची आरशातली रूपं. बेनूच्या मातीत दोन्ही जवळजवळ सारखीच निघाली. पृथ्वीवरच्या जीवांनी आपली प्रथिनं रचायला डावी तेवढी घेतली. का, ते कुणालाच नीट उलगडलेलं नाही. लोणारच्या काठावरच्या कमळजादेवीच्या देवळात प्रसादासाठी एका पोराने डावा हात पुढे केला, तशी त्याच्या आईने तो चापट मारून खाली केला. पोराने मुकाट्याने उजवा पुढे केला, आणि साखरफुटाणे तोंडात टाकताना आईकडे असं पाहिलं, की त्याची बाजू घ्यायला साडेचार अब्ज वर्षांचा पुरावा माझ्याजवळ होता.