बेलफास्टमधल्या टाळ्या

एकाच कलावंताचं एकच गाणं कुणी दहा वेगवेगळ्या मैफलींतून जमवून ठेवलं की घरच्यांना ते वेड वाटतं. "गाणं तेच, मग पुन्हा कशाला?" खासगी मैफलींच्या कॅसेटी जपणाऱ्या आपल्याकडच्या रसिकांनी हा प्रश्न अनेकदा ऐकलेला असतो. आयर्लंडचा ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहर याच्या चाहत्यांनाही तो चुकलेला नाही. मला मात्र या वेडात एक शहाणपण दिसतं.

रोरीचा जन्म १९४८ चा. तो कॉर्क शहरात वाढला आणि १९९५ मध्ये वारला. शंभर पौंडांची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार त्याने १९६३ साली घेतली आणि अखेरपर्यंत जपली. वाजवून वाजवून तिचा रंग जवळजवळ उडून गेला होता. स्टुडिओपेक्षा तो मंचावर जास्त खुलायचा. गाण्यांचा क्रम आधी ठरलेला नसे; समोरचे लोक बघून तो ठरायचा. 'वॉक ऑन हॉट कोल्स' हे गाणं स्टुडिओत सात मिनिटांचं आहे. १९७४ च्या 'आयरिश टूर' या अल्बममध्ये तेच अकरा मिनिटांवर जातं. ही जास्तीची चार मिनिटं त्या संध्याकाळची आहेत.

म्हणूनच संग्राहक बारकाईने चौकशी करतात. ध्वनिमुद्रण मंचावरच्या मिक्सरवरून झालं की प्रेक्षकांत बसून? ही मूळ टेप की तिची तिसरी प्रत? कॅसेटची प्रत काढताना दर वेळी थोडी खरखर वाढते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. आपल्या वाचकांना इथे इस्नादची आठवण येईल: अमुकने तमुककडून ऐकलं, तमुकने कुणाकडून? हदीसच्या इल्माशी याची बरोबरी नाही, दर्जा वेगळा आहे. पण ऐकीव गोष्टीची साखळी तपासल्याशिवाय ती स्वीकारायची नाही, ही शिस्त ओळखीची वाटते.

'आयरिश टूर'चं ध्वनिमुद्रण बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथल्या मैफलींत झालं. तेव्हा उत्तर आयर्लंड पेटलेलं होतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या एकमेकींपासून तुटल्या होत्या, बॉम्बस्फोट नित्याचे झाले होते. एकट्या १९७२ साली साडेचारशेहून जास्त माणसं मारली गेली. बाहेरचे बहुतेक कलावंत बेलफास्टला जायचं टाळत. दक्षिणेतला कॅथलिक घरातला रोरी मात्र जात राहिला. त्याचा बास गिटारवादक गेरी मॅकअव्हॉय बेलफास्टचाच. अल्स्टर हॉलमध्ये दोन्ही समाजांची तरुण मुलं एकाच छताखाली उभी राहून ऐकत.

२०१४ मध्ये या दौऱ्याच्या मैफलींचा आठ डिस्कचा संच निघाला. त्यातली बेलफास्टची मैफल ऐकताना माझं लक्ष गिटारवरून टाळ्यांवर जातं. त्या आरोळ्यांमधली कॅथलिक कोणती आणि प्रोटेस्टंट कोणती, हे कितीही कान देऊन कळत नाही. बाहेर नावावरून, शाळेवरून, गल्लीवरून माणूस ओळखला जात होता. आत ते काही चालत नव्हतं.

यामुळे शांतता आली असं म्हणणं खोटं ठरेल. जुलै १९७५ मध्ये मायामी शोबँड या वाद्यवृंदातले तीन कलाकार मैफल आटपून परतताना रस्त्यात अडवून मारले गेले. त्या बँडमध्येही दोन्ही समाजांचे वादक होते. शांततेचा करार व्हायला १९९८ साल उजाडलं. तोवर सुमारे साडेतीन हजार जीव गेले होते.

मग या टेपांचा उपयोग काय? उपयोग साक्षीचा. "हे दोन समाज कधी एकत्र राहूच शकत नव्हते" असं सांगणारे प्रत्येक देशात असतात, आपल्याकडेही आहेत. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना, "तुमची भाषा, आमची भाषा" अशी वाटणी माझ्याही कानावर येते. दंगलीची नोंद पोलिसांकडे होते, वर्तमानपत्रांत होते. माणसं शेजारी शेजारी उभी राहून एकाच सुरावर खूश झाली, तर त्याची नोंद कोण ठेवतो? बहुतेक वेळा कुणीच नाही. एखादा चाहता ती टेप जपतो, तिच्यावर गाव आणि तारीख लिहितो, प्रत काढून दुसऱ्याला देतो. आपल्या गावातल्या कव्वालीच्या, मुशायऱ्याच्या, भजनाच्या जुन्या कॅसेटी कुणाच्या माळ्यावर पडल्या असतील, तर त्या भंगारात देऊ नका. त्यांतल्या टाळ्या अजून ऐकायच्या राहिल्या आहेत.