मागची जागा

यंदा वढ्याची कार्तिकी जत्रा उठली की पुतणीला घेऊन बेटावर जायचं ठरलं आहे. तिची ही पहिलीच खेप. मुक्काम दोन रात्रींचा, गळ आणि फेकजाळं दोन्ही सोबत, आणि डोंग्याच्या मागच्या टोकाला ती. उन्हाळ्यापासून माझा उजवा खांदा हात डोक्याच्या वर जाऊ देत नाही. गेलाच तर मुठीतली ताकद जाते आणि डोंगा रेटायचा बांबू सुटतो. ज्याच्या हातून बांबू सुटतो त्याने मागे बसू नये, हा नियम आमच्या घरात मीच सगळ्यांना ऐकवत आलो.

बेट कोणतं ते सांगत नाही. पोडशाच्या पुलाच्या खालच्या अंगाला आणि शिवणीच्या वैनगंगा-संगमाच्या वर, वर्धेच्या पात्रात, एवढं पुरे. नाव छापून आलं की पुढच्या हंगामात तिथे रेतीचे ट्रॅक्टर उतरतात. डाव्या काठाला गोंडपिपरी तालुका, उजव्या काठाला तेलंगण. माझ्या आज्याच्या वेळी हीच नदी राजुऱ्यापाशीसुद्धा सरहद्द होती. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे बल्लारशाच्या किल्ल्याखाली इंग्रजांचा मध्य प्रांत. राजुरा तालुका आदिलाबादेतून १९५६ साली नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला. कागदावर आम्ही असे फिरत राहिलो, आणि आमचे लोक डोंगा घेऊन या काठाचे त्या काठाला जात राहिले. पार करणं हे आमच्या घरी आधी आलं, मासे त्यानंतर. म्हणून बेटाचं ठरवताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा मासे येत नाहीत. काठ कुठून सोडायचा आणि बेटाला कुठे लागायचं, एवढंच येतं, आणि त्यातून डोकं सुटत नाही.

बेटापाशी पात्र दुभंगतं. तेलंगणाच्या अंगाची धार रुंद आणि उथळ, आपल्या अंगाची अरुंद, खोल आणि जोराची. बेटाच्या वरच्या टोकाला लागायचं मनातही आणू नये. तिथे पाणी रेतीवर चढतं, डोंगा आडवा होतो, वरच्या बाजूचा काठ दबतो आणि पाणी आत येतं. लागायचं ते शेपटीला. दोन्ही धारा पुन्हा मिळण्याआधी तिथे पाणी थबकतं, थोडं उलटं वरही चालतं, आणि वाहत्या व थांबल्या पाण्याच्या मधे फेसाची एक रेघ धरून राहते. डोंग्याचं नाक वरच्या दिशेला, किंचित तिरपं ठेवायचं, धारेच्याच जोरावर आडवं सरकत यायचं आणि ती रेघ ओलांडून आत शिरायचं. नाक जास्त तिरपं झालं तर धार त्याला धरते आणि फिरवते. कमी झालं तर डोंगा जागच्या जागी उभा राहतो आणि हात थकतात.

पण शिंगाडा मासा बसतो तोही त्याच रेघेखाली. वाहून येणारं खाणं त्याला तिथे आयतं मिळतं, जोर लावावा लागत नाही. म्हणजे लागायची जागा आणि गळ टाकायची जागा एकच. बांबू दगडावर ठक्कन बसला, वल्हं काठाला घासलं, डोंगा रेतीवर धाडकन चढला, तर पहिली संध्याकाळ गेली समजा. माझे वडील म्हणून शेपटीला बेटावर चढतच नसत. खाली घसरून लांबून वळसा घेत आणि उथळ अंगाने पायी डोंगा ओढत आणत. मला ते कधी पटलं नाही. मी रेघेतूनच शिरतो आणि आवाज होऊ देत नाही. त्यात मासा मिळतो हे खरं, पण त्याहून खरं हे की बेटावर आधी पोचलेल्या सोबत्यांनी मान वळवून पाहावं आणि आपण कधी आलो ते त्यांना कळू नये, याची मला फार आवड आहे. काठावर माणसं उभी असली की माझा डोंगा अधिक सरळ चालतो. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

आता ही गोष्ट पुतणीला शब्दांत सांगायची आहे. मी सांगायला बसलो की हात हलायला लागतात आणि तोंड थांबतं. तिने विचारलं, "मोठेबाबा, नाक किती तिरपं ठेवायचं?" मी म्हणालो, पाणी सांगते तितकं. ती गप्प बसली. ती राजुऱ्याच्या कॉलेजात विज्ञान शिकते, अशा उत्तराने तिचं भागत नाही. मग तिने मोबाइलवर कॅनडातल्या लोकांचे व्हिडिओ दाखवले. गुडघ्यांवर बसून, एका पात्याच्या वल्ह्याने, अगदी हलक्या नावेतून ते मोठ्या नद्या आडव्या कापत होते. नाक वर, किंचित तिरपं, रेघ आली की आत. जसंच्या तसं. तिकडच्या मूळच्या लोकांनी हे भूर्जाच्या सालीच्या नावांतून केलं, आमच्या लोकांनी एकाच खोडाच्या डोंग्यातून. मला ते पाहून मोठं समाधान वाटलं. थोडं वाईटही वाटलं, कारण इतक्या नेमकेपणाने हे जमणारा मी एकटाच आहे असं मी मनात धरून चाललो होतो.

शिकवताना खरी अडचण येते ती धारेच्या मध्यावर. काठापासून मानवेलीचा भरीव बांबू तळाला लागतो, डोंगा हुकमात असतो. मग एका ठिकाणी तळ सुटतो. त्या क्षणी बांबू आत घेऊन वल्हं हाती यायला हवं, आणि मधल्या दोन श्वासांत नाक हलता कामा नये. हे कुठे होणार ते आधी ओळखलं पाहिजे. पूर्वी डाव्या काठावर एक अर्जुनाचं झाड होतं, ते खांद्याच्या रेषेत आलं की तळ सुटायचा. जुलै २०२२ च्या पुरात, राजुरा-बल्लारपूर पूल पाण्याखाली गेला त्या दिवसांत, ते झाड गेलं आणि बेटाचं वरचं टोकही सरकलं. तेव्हापासून खूण झाडाची राहिली नाही, पाण्याच्या रंगावरून ओळखावं लागतं. हिरवट पाणी गडद होतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, तिथे तळ नाही. सकाळी ऊन तिरपं असताना हे दिसत नाही. म्हणून काठ सोडायची वेळ मी दहानंतरची ठरवली आहे, जरी मासेमारीच्या हिशेबाने ती चुकीची वेळ आहे.

इथवर सगळं जमतं. अडतं ते वजनापाशी. धार कापताना डोंग्याचं प्रवाहाकडचं टोक हलकं असावं लागतं. ते जड झालं की पाण्यात रुततं, धार त्याला पकडते आणि डोंगा गरकन आडवा होतो. आजवर मी मागे बसायचो, माझं वजन मागे, नाक आपसूक हलकं. आता मागे ती बसणार, माझ्या निम्म्याहून थोडी जास्त. मी पुढे बसलो तर नाक रुतणार. हे मला ज्या रात्री उमगलं त्या रात्री झोप लागली नाही. मागे दगड ठेवून भार साधता येतो, करून पाहिलं. पण मी, ती, दगड, भांडी, जाळं आणि पिण्याचं पाणी धरलं तर काठ पाण्यापासून चार बोटांवर येतो. चार बोटांवर मी कोणाच्याही लेकराला धारेत नेणार नाही. दगडांऐवजी पाण्याचे कॅन मागे ठेवले, तर उतरताना तिच्या पायात येतात. सामान दोन खेपांत न्यावं, तर धार दोन वेळा जास्त कापावी लागते, तीही तिला, पहिल्याच दिवशी.

उरतो एकच उपाय. मी मधोमध, तळाशी, पाय पसरून बसायचं, आणि हातात काही घ्यायचं नाही. मधे बसलेल्याने हललं तर डोंगा डोलतो, वल्हं मारलं तर नाक चळतं. तांदळाच्या पोत्याची जागा ती. भावाने सरळच म्हटलं, "मंग जाऊच नको ना तू. पोरीसोबत मी दुसरा माणूस देतो." तोही उपाय आहे. मी तो नाकारला, आणि त्यात तिच्या शिकण्याचा विचार किती आणि माझा हट्ट किती, हे विचारलं तर हट्ट जास्त आहे.

दुसरा माणूस म्हणजे कोण? हल्ली नदीवर जे दिसतात त्यांना मी माझ्या डोंग्यात बसवणार नाही. तारा टाकून पाण्यात करंट सोडतात, डोहात ब्लीचिंग पावडर ओततात. एका रात्रीत बोटाएवढी पिल्लंसुद्धा पोट वर करून तरंगतात, आणि हेच लोक दिवाळीनंतर नदीत मासाच राहिला नाही म्हणून बोंब मारतात. थर्माकोलवर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. गरिबाची ती नाव आहे. पण ट्यूबवरचा माणूस धार ओळखायला शिकत नाही, तो थांबल्या पाण्यातच राहतो. इंजिनाची फायबर बोट घेऊन आलेल्यांना तर नाक कुठे ठेवायचं हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्या मागून लाटा येतात आणि माझी फेसाची रेघ तासभर विस्कटून जाते.

गळाला झिंगा लावायचा बेत आहे, मिळाला तर. आमच्या नद्यांतला मोठा झिंगा गोदावरीचाच. अंडी वाहणारी मादी इथे असते, पण पिलांना वाढायला खाडीचं मचूळ पाणी लागतं. ती प्राणहितेतून गोदावरीत, तिथून थेट आंध्राच्या किनाऱ्यापर्यंत वाहत जातात आणि मोठी होऊन चढत परत येतात. या वाटेवर धवळेश्वरमचा बंधारा १८५२ पासून आहे. सिरोंचापलीकडे मेडीगड्डा २०१९ मध्ये झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. शिवणीच्या संगमाच्या जरा खाली तुम्मिडीहट्टीला आणखी एक बॅरेज बांधायचा करार दोन्ही राज्यांनी २०१६ मध्ये केला, समुद्रसपाटीपासून १४८ मीटर पाणीपातळीचा. ते झालं तर माझ्या बेटाच्या शेपटीची रेघ राहील का, हा विचार मी करतो. धार मंदावली की रेघ जाते, आणि रेघ गेली की शिंगाडा तिथे कशाला बसेल? करारावर सह्या करणाऱ्यांनी संगमावर एक सकाळ उभं राहायला हवं होतं.

मुक्कामाचं फार लिहीत नाही. झोपायचं बेटाच्या उंचवट्यावर, करंजाखाली. मासे साफ करायचे ते तेलंगणाच्या अंगाला, झोपायच्या जागेपासून लांब, आणि आतडी वाहत्या पाण्यात. अस्वल वासावर येतं. वाघ पोहतो हे आमच्याकडे शाळकरी पोराला माहीत असतं. राजुरा तालुक्याने आरटी-१ वाघाची दहशत पाहिली आहे, तो ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजऱ्यात आला. जाळ रात्रभर ठेवायचा. चपराळ्याच्या अभयारण्याच्या हद्दीकडे गळ घेऊन घसरायचं नाही. सोबत तांदूळ, मीठ, तिखट, जवसाचं तेल, वाळलेली अंबाडी. पावसाळा लांबला असेल तर वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या तेहेतीस दारांपैकी किती उघडी आहेत ते निघण्याआधी विचारायचं. वैनगंगा फुगली की संगमाजवळ वर्धेचं पाणी तुंबतं आणि मागे चढतं. ते आवाज न करता चढतं, म्हणून रेतीत काडी रोवून झोपायचं आणि रात्री उठून बघायचं.

आता लाइफ जॅकेट. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. त्या रोजच्या वाटेने, रोजच्या कामाला निघाल्या होत्या. त्यानंतर पुतणीच्या आईने अट घातली की पोरगी जॅकेटशिवाय डोंग्यात बसणार नाही, आणि पुतणीने वर अट घातली की मोठेबाबासुद्धा नाही. मी उभ्या जन्मात जॅकेट घातलं नाही. नदीवरच्या माणसाने ते घालणं मला पोहता न येण्याची कबुली वाटायची, काठावरचे काय म्हणतील असं वाटायचं. आता भगव्या रंगाची दोन आणली आहेत. घरात घालून बसलो, दंड उचलतो का पाहिला. तसाही तो उचलत नाहीच.

मागच्या रविवारी राजुऱ्याच्या घाटावर डोंगा पाण्यात उतरवला. सामानाच्या वजनाचे दगड भरले, ती मागे बसली, आणि मला एकेक हात मागे-पुढे सरकायला सांगत गेली. दर वेळी खाली उतरून बाहेरून पाण्याची रेषा बघायची आणि आतल्या फळीवर चुन्याने खूण करायची. तिसऱ्या खुणेवर नाक वीतभर वर राहिलं, काठही. ती खूण मी मनात धरलेल्या जागेच्या बरीच मागे आहे, जवळजवळ तिच्या गुडघ्यांना टेकून. तिथून मला पुढचं पाणी दिसतं, फेसाची रेघ दिसेल, तळ कुठे सुटतो तेही कळेल. फक्त ती काय करते आहे ते दिसणार नाही. तिने विचारलं, "सांगाल का मला, कधी वल्हं घ्यायचं?"

अजून उत्तर दिलेलं नाही. सांगितलं तर ती माझ्या आवाजाकडे बघेल, पाण्याकडे बघणार नाही. न सांगता बसलो, आणि तळ सुटलेला मला दिसला, आणि मागून बांबू आत घेतल्याचा आवाज आला नाही, तर मी किती वेळ गप्प राहू शकेन ते मला माहीत नाही. डोंगा न्यायला छोटा हत्तीवाल्याला जत्रेनंतरचा सोमवार सांगून ठेवला आहे. तिच्यासाठी तिच्या उंचीचा नवा बांबू आणायचा आहे. माझा तिला हातभर मोठा होतो, आणि तो कापायला मी तयार नाही.