लोहचुंबकाला बटण नसतं

प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्या महिन्यातच एक धडा मिळतो. जी किंमत उद्या बदलावी लागेल, ती आज कोडमध्ये कोरून ठेवू नये. बाहेर ठेवावी, हवी तेव्हा बदलता येईल अशी. हाच धडा मला गेल्या वर्षी गाडीच्या अल्टरनेटरने पुन्हा शिकवला, म्हणून आज शनिवारी जरा तांबं, लोखंड आणि चुंबकाविषयी.

निमित्त माझ्या मामेभावाचं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्याचं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक वाइंडिंगचं मशीन, दोन पोरं हाताखाली. काम मुख्यतः स्टार्टर-अल्टरनेटर दुरुस्तीचं. त्याच्या डोक्यात एक बेत शिजत होता. भंगारातले अल्टरनेटर घ्यायचे, मूळ रोटर काढून निओडिमियम चुंबकांचा रोटर बसवायचा, आणि कारवाल्यांना विकायचे. "दादा, ब्रश नाही, स्लिप रिंग नाही, फील्डला करंट द्यायला नको. मग अडतंय कुठं, सांग की?"

पतपेढीतून चार लाखांचं कर्ज काढायचं ठरत होतं आणि जामीनदार म्हणून सही माझी हवी होती. म्हणजे प्रश्न नुसता कुतूहलाचा राहिला नाही :-)

तर आधी मूळ रोटर काय करतो ते बघू. कारच्या अल्टरनेटरमध्ये फिरणारा भाग म्हणजे एक तांब्याची कॉइल आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखे लोखंडी पंजे. बहुतेकदा सहा इकडून, सहा तिकडून, एकूण १२ ध्रुव. कॉइलला ब्रशमधून करंट दिला की पंजे चुंबक होतात. कॉइलचा रोध ३ ओहम धरला तर १२ व्होल्टला ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॅट झाले. भावाला हेच ४८ वॅट वाचवायचे होते.

पण ते ४८ वॅट वाया जात नाहीत, ती नियंत्रणाची किंमत आहे. अल्टरनेटरचा व्होल्टेज दोनच गोष्टींवर ठरतो: चुंबकीय प्रवाह किती आणि वेग किती. वेग तुमच्या पायाखाली असतो, अल्टरनेटरच्या हातात नाही. त्याच्या हातात उरतो तो फक्त प्रवाह. गाडी पळायला लागली की रेग्युलेटर कॉइलचा करंट कमी करतो आणि बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपास मिळत राहतात. चार अँपिअरच्या दोरीने चाळीस-पन्नास अँपिअरचा बैल हाकायचा, अशी ही युक्ती.

चुंबक बसवलं की ही दोरीच गेली. हार्डकोड! इंजिन रिकामं ८०० आरपीएमला चालतं, जास्तीत जास्त ६,००० ला. साडेसात पट फरक. ८०० ला १४ व्होल्ट मिळावेत असं डिझाइन केलं, तर ६,००० ला भार नसताना १०५ व्होल्ट येणार. हिशेब ढोबळ आहे, डायोडमधली घट वगैरे सोडून दिली आहे. पण चित्र हेच.

आता कुणी म्हणेल, मोटरसायकलमध्ये चुंबकच असतात की! बरोबर. तिथे फ्लायव्हीलच्या वाटीला आतून चुंबकं चिकटवलेली असतात आणि कॉइल मध्ये स्थिर असते. मग जास्तीचा व्होल्टेज जातो कुठे? बऱ्याच बाइक्समध्ये रेग्युलेटर सरळ कॉइल शॉर्ट करतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे भयंकर वाटलं होतं. पण त्यात एक सुंदर गोष्ट आहे. वेग वाढला की व्होल्टेज वाढतो, पण फ्रिक्वेन्सीही तितकीच वाढते, आणि कॉइलच्या इंडक्टन्सचा अडथळाही त्याच पटीत वाढतो. दोन्ही वाढी एकमेकींना खाऊन टाकतात आणि करंट एका मर्यादेपलीकडे जातच नाही. त्यामुळे शॉर्ट केलं तरी काही जळत नाही, फक्त गरम होतं. म्हणूनच बाइकचा रेग्युलेटर पंख असलेल्या अॅल्युमिनियमच्या खोक्यात, वारा लागेल अशा जागी असतो. शंभर-दोनशे वॅटला हे चालून जातं. पाचशे-सहाशे वॅटच्या कारच्या अल्टरनेटरला ही उष्णता कुठे टाकणार?

शॉर्ट करायचं नसेल तर जोडणी तोडायची. मग तोडणाऱ्या स्विचला ते १०५ व्होल्ट झेलावे लागतात. आणि एखाद्या दिवशी चालत्या गाडीत बॅटरीची तार निसटली तर? कॉइलवाल्या अल्टरनेटरमध्येही तेव्हा झटका बसतो, पण फील्ड विझायला लागतो सेकंदाचा काही अंश आणि प्रकरण मिटतं. चुंबक विझत नाही. इंजिन फिरतंय तोवर व्होल्टेज आहेच.

दुसरी भानगड यांत्रिक. बाइकची चुंबकं वाटीच्या आत असतात, त्यामुळे फिरताना ती वाटीवरच दाबली जातात. कारचा रोटर आत फिरतो, म्हणजे चुंबकं बाहेर फेकली जाणार. अल्टरनेटरची पुली लहान असते, इंजिनच्या अडीच पट वेग धरला तर १५,००० आरपीएम. साडेचार सेंटिमीटर त्रिज्येवर २० ग्रॅमचा तुकडा ठेवला, तर तो सव्वादोनशे किलोच्या जोराने सुटायला बघतो. निओडिमियम दाब सहन करतं, ताण नाही, काचेसारखं तडकतं. बॉनेटखालच्या गरमीत नुसत्या गोंदावर विसंबायचं नाही. वरून स्टेनलेस स्टीलची बांगडी हवी. पण मूळ फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतली, त्यात बांगडी मावणार नाही. रोटर बारीक करावा लागतो, फट वाढते, प्रवाह घटतो, आणि बांगडीत एडी करंटची गरमी होते ती वेगळीच.

गरमी हा तिसरा मुद्दा. साध्या ग्रेडचं निओडिमियम ८० अंशांपर्यंतच भरवशाचं. वरच्या ग्रेड १५०, १८० पर्यंत जातात, पण त्यांना डिस्प्रोसियमसारखी धातू लागते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली, तेव्हा आपल्याकडच्या वाहन कारखान्यांनाही घाम फुटला. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने त्या रांगेत कुठे उभं राहायचं?

हे सगळं मी दोन-तीन रविवार एफईएमएम नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मांडून बघितलं. त्यात लुआ स्क्रिप्ट चालते, त्यामुळे रोटर दर अर्ध्या अंशाने फिरवून आलेख काढता आले. तिथेच आणखी एक गोष्ट दिसली. स्टेटरला ३६ खाचा आणि रोटरला १२ ध्रुव, म्हणजे सगळी चुंबकं एकाच वेळी दातांसमोर येऊन अडतात. हाताने फिरवलं तरी कट-कट लागेल. उपाय म्हणजे चुंबकं एका खाचेइतकी, १० अंश, तिरकी बसवायची.

आलेख घेऊन कोल्हापूरला गेलो. भावाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुझी सही नाही म्हण की."

मी त्याला उलट विचारलं, तुझ्याकडे दुरुस्तीला गाड्या येतात कुठल्या जास्त? "ट्रॅक्टर. अजून कुठल्या?"

आणि इथे गंमत आहे. ट्रॅक्टरचं इंजिन ८०० ते २,२०० मध्ये चालतं. साडेसात पट नाही, पावणेतीन पट! १४ व्होल्टचे १०५ नाही, साडेअडतीस होतात, आणि तेवढं सोसणारे सुटे भाग बाजारात सहज मिळतात. पुली तीच ठेवली तर वेग ५,५०० वर थांबतो, आणि ओढ वेगाच्या वर्गाने घटत असल्यामुळे सव्वादोनशे किलोचे तीस होतात. शिवाय ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहतो, बॅटरी मरते. कॉइलवाल्याला जागं व्हायला बॅटरीचा थोडा तरी करंट लागतो, चुंबकवाल्याला नाही. तोच हार्डकोड इथे गुण ठरतो, कारण बदलणारी गोष्टच कमी बदलते.

पहिला रोटर त्याने सहा आठवड्यांत केला. बसवायच्या आधी २,८८० च्या मोटरवर अडीच पट पुली लावून ७,२०० आरपीएमला तासभर फिरवला, भोवती वाळूची पोती रचून. बांगडी हलली नाही. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर तो या खरिपात चालला. शेजारी खूश आहे, पण एका हंगामावरून काही सिद्ध होत नाही. चुंबक हळूहळू दुबळं होत असेल तर ते दोन उन्हाळ्यांनी कळेल.

कर्ज चारऐवजी दीड लाखाचं काढलं. सही मी केली. आता दर रविवारी फोनवर तब्येतीच्या आधी मी एकच विचारतो, "गरम किती होतोय?" आणि तो वैतागून ६५, ७० असा आकडा सांगतो.

असो. पुढच्या शनिवारी परत आपलं नेहमीचं सॉफ्टवेअर.