चाल

मराठीत ‘चाल’ हा एकच शब्द तीन घरी नांदतो. माणसाच्या चालण्याची ढब ती चाल, गाण्याची सुरावट तीही चाल. आणि शत्रूवर तुटून पडायला निघालेले सैन्यही ‘चाल’ करूनच जाते. पाऊल, सूर आणि आक्रमण या तिन्ही गोष्टी एका शब्दात एकवटल्या, हा भाषेचा योगायोग असेल. पण लष्करी संचलनगीते आणि समरगीते यांचा विचार करणाऱ्याला या योगायोगातच वाट सापडते. हा गीतप्रकार मराठी समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. ‘स्फूर्तिगीते’ या सोयीच्या खणात तो टाकून दिला, की एका पक्षाला त्याच्या गदारोळाकडे दुर्लक्ष करता येते आणि दुसऱ्या पक्षाला त्याला टीकेपलीकडे नेऊन ठेवता येते. दोन्ही पक्ष त्याला ऐकण्याचे टाळतात. वस्तुतः ज्या गाण्याच्या तालावर माणसे मरणाकडे चालत गेली, ते गाणे कसे घडते आणि पुढे कोणाच्या ओठी जाते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नाही.

संचलनगीताचा पहिला श्रोता पाय असतो, कान नंतरचा. दोन मात्रांचा ठोका, त्यातल्या जोरकस मात्रेवर पडणारे डावे पाऊल, मिनिटाला सुमारे १२० पावलांची गती आणि ढोलाचा अविरत आधार, एवढ्या सामग्रीवर ते उभे राहते. थकलेल्या माणसाचे पाय मनाची संमती न विचारता त्या ठोक्याला लागतात. रांग मोडत नाही आणि एकट्याचे भय रांगेच्या लयीत विरघळते. या संगीताचे सामर्थ्य याच गोष्टीत आहे आणि त्याचा धोकाही. इतर कोणतेही काव्य श्रोत्याला थांबवते, हे चालवते. थांबलेला माणूस विचार करील, ही शक्यता त्याला परवडणारी नसते.

हे संगीत युरोपचे, असा समज रूढ असला तरी त्याची एक मोठी मुळी पूर्वेत आहे. ऑटोमन तुर्कांच्या जानिसरी सैन्याबरोबर ‘मेहतर’ हे वाद्यपथक असे. त्यातली झुर्ना ही सनईच्या कुळातली, आणि नक्कारा म्हणजे तर आपला नगाराच. व्हिएन्नाला वेढा घालणाऱ्या शत्रूचे हे संगीत पुढे व्हिएन्नाच्याच संगीतकारांना मोहवून गेले. मोझार्टच्या एका सुविख्यात पियानो-रचनेचा शेवट ‘तुर्की शैलीत’ आहे; बीथोवनच्या १८२४ मधील नवव्या सिंफनीत, विश्वबंधुत्वाचा घोष चालू असताना, मोठा ढोल, झांजा आणि त्रिकोणी घंटा यांच्यासह तुर्की धाटणीचे संचलन अवतरते. इकडे सुलतानाने १८२६ मध्ये जानिसरींबरोबर मेहतरही मोडीत काढले आणि युरोपीय बँड उभारण्यासाठी इटलीहून ज्युसेप्पे दोनिझेत्ती याला, म्हणजे प्रसिद्ध ऑपेराकाराच्या भावाला, बोलावून घेतले. शत्रूची चाल उचलून युरोप पुढे गेला आणि शत्रूने युरोपची चाल उचलली. रणसंगीताच्या शुद्ध स्वदेशीपणाचा दावा करणाऱ्याने एवढा इतिहास ध्यानात ठेवावा.

रसिकांच्या आवडीच्या संचलनांत योहान स्ट्राउस (थोरला) याच्या ‘राडेट्झ्की मार्च’चे स्थान अढळ आहे. व्हिएन्नातील नववर्षाच्या मैफलीची सांगता या रचनेने होते. श्रोते टाळ्यांचा ठेका धरतात आणि संचालक वाद्यवृंदाकडे पाठ फिरवून त्या टाळ्यांचेच संचालन करतो. हे प्रसन्न दृश्य पाहताना १८४८ हे वर्ष कोणाला आठवत नाही. त्या वर्षी मिलानच्या नागरिकांनी उठाव करून ऑस्ट्रियन फौज शहराबाहेर काढली होती. फील्डमार्शल राडेट्झ्कीने जुलैत कुस्तोझाची लढाई जिंकली, ऑगस्टमध्ये मिलान परत घेतले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच्या गौरवार्थ हे संचलन व्हिएन्नात प्रथम वाजले. स्ट्राउसचा मुलगा मात्र क्रांतिकारकांकडे झुकलेला होता. एकाच घरात दोन चाली होत्या. पुढे योजेफ रोटने १९३२ मध्ये याच नावाची कादंबरी लिहून त्या आनंदी सुरावटीमागे एका साम्राज्याचा आणि एका घराण्याचा ऱ्हास उभा केला. रचना सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ती कोणाच्या पराभवावर उभी आहे हे ठाऊक असणे, हा आस्वादातला अडथळा नसून आस्वादाचाच भाग आहे.

‘मार्सेयेझ’ची कथा याहून विलक्षण आहे. फ्रान्सने २० एप्रिल १७९२ रोजी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. स्ट्रासबर्गचा नगराध्यक्ष दित्रिक याच्या सांगण्यावरून रुजे द लील या इंजिनियर दलातील कप्तानाने २५ एप्रिलच्या रात्री एका बैठकीत हे गीत रचले आणि ऱ्हाईनच्या फौजेचा सेनापती मार्शल लुकनर याला अर्पण केले. मार्सेय शहराचे स्वयंसेवक ते गात पॅरिसमध्ये शिरले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच दित्रिकचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला आणि पाठोपाठ लुकनरचाही. खुद्द कवीला राजाची पदच्युती मान्य नव्हती. तो सैन्यातून बडतर्फ झाला, तुरुंगात पडला आणि रोबस्पिएरच्या पतनानंतर सुटला. ज्याने मागितले, ज्याला वाहिले आणि ज्याने लिहिले, त्या तिघांनाही गीताने मागे टाकले. स्वातंत्र्याचे हेच गीत १९५४ पर्यंत पुद्दुचेरीत परकीय सत्तेचे राष्ट्रगीत होते, हेही भारतीय वाचकाने विसरू नये. समरगीतातले ‘आपण’ आणि ‘ते’ हे शब्द रिकाम्या पात्रांसारखे असतात. गाणारा बदलला की त्यांतला अर्थ बदलतो.

शब्द शत्रूला दूर लोटतात, चाल मात्र सीमा ओलांडते. ‘लिली मार्लेन’ हे याचे उत्तम उदाहरण. हान्स लाइप या जर्मन शिपायाने ते १९१५ मध्ये लिहिले, नॉर्बर्ट शुल्झने १९३८ मध्ये त्याला चाल दिली, लाले आंडरसनने ते १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केले. जर्मनांच्या ताब्यातील बेलग्रेडच्या नभोवाणीवरून १९४१ पासून ते प्रसारित होऊ लागले आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन व ब्रिटिश अशा दोन्ही छावण्यांतले सैनिक ते ऐकू लागले. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला हे गाणे मुळीच रुचत नव्हते. त्याचा संशय अस्थानी नव्हता. छावणीच्या फाटकाशी दिव्याखाली वाट पाहणाऱ्या स्त्रीचे ते गाणे आहे. त्यात शत्रू नाही, विजय नाही. मनाने घरी गेलेला सैनिक रांगेत असूनही रांगेत नसतो.

या पार्श्वभूमीवर मराठी परंपरेकडे वळले की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. आपल्याकडे वीरगीतांची रेलचेल आहे, पण जुने संचलनगीत जवळजवळ नाही. याचे कारण शौर्याच्या अभावात शोधायचे नसून भूगोलात आणि युद्धतंत्रात शोधायचे आहे. संचलनगीताला सपाट रस्ता लागतो, कवायती रांग लागते, आणि आपण येत आहोत हे शत्रूला कळले तरी चालेल अशी बेफिकिरी लागते. सह्याद्रीच्या मावळ्याजवळ यांतले काहीच नव्हते. जावळीच्या रानात १६५९ मध्ये दबा धरून बसलेली माणसे गाणे म्हणत नव्हती. १६७० च्या त्या रात्री सिंहगडाच्या कड्याला भिडलेल्यांना तर खोकलाही दाबावा लागला असेल. गनिमी काव्याचे संगीत म्हणजे निःशब्दता. गाणे आले ते लढाई संपल्यावर, शाहिराच्या डफावर.

अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा या दोहोंचे स्वरूप या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पोवाडा चालवत नाही, बसवतो. डफ-तुणतुण्याच्या साथीत शाहीर उभा असतो आणि गाव त्याच्यापुढे मांडी ठोकून ऐकत असते. ऐकणाऱ्याला मारायला किंवा मरायला तत्काळ जायचे नसते. घडून गेलेल्याचा अर्थ लावायचा असतो. म्हणूनच पोवाडा पराभवालाही पारखा झाला नाही. पानिपतावर पोवाडे रचले गेले. शाहीर प्रभाकराने पेशवाईची अखेरही गायिली. हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्या गाण्यांतले राज्य लयाला जाऊन सत्तर वर्षे लोटली होती. तरीही गाणी जिवंत होती, कारण ती विजयाच्या आधाराने जगत नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पोवाडा रचला, तो याच साच्यात सामाजिक इतिहासाचा वेगळा अर्थ ओतण्यासाठी. संचलनगीतात असा वाद घालायला जागा नसते. पोवाड्यात ती असते.

आधुनिक मराठीतील सर्वांत लोकप्रिय समरगीत कुसुमाग्रजांचे, नेसरीच्या खिंडीत १६७४ मध्ये प्रतापराव गुजरांनी सहा स्वारांसह घेतलेल्या झेपेवरचे. १९७४ च्या ‘शिवकल्याण राजा’ मधील हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीने आणि लता मंगेशकरांच्या स्वराने ते घरोघरी गेले. या गीताला कवायतीचा ठोका नाही; त्यात घोड्याची दौड आहे. सात माणसांची रांग होत नाही. युद्धशास्त्राच्या हिशेबात ती झेप निष्फळच होती, आणि कवीने तो हिशेब लपवलेला नाही. विजयाचे आश्वासन न देता वीररस टिकवणे हे पोवाड्याच्या संस्काराशिवाय घडते ना.

भारतीय संचलनगीतांत ‘कदम कदम’ची चाल आजही अग्रस्थानी आहे. ती बांधणारे रामसिंग ठाकुरी हे गोरखा पलटणीतले. त्यांचे बँडचे शिक्षण ब्रिटिशांच्याच लष्करात झाले. मलायात जपान्यांच्या हाती युद्धकैदी झाल्यावर ते आझाद हिंद सेनेत गेले आणि ज्यांच्याकडून ठोका शिकले त्यांच्याचविरुद्ध तो वाजवू लागले. इंफाळ-कोहिमाच्या १९४४ च्या मोहिमेनंतर ती सेना पाऊस, भूक आणि रोगराई यांच्यातून मागे हटली. चाल मात्र हरली नाही. स्वतंत्र भारताच्या सेनेने ती आपलीशी केली. चाल हस्तांतरित होण्याचे याहून न्याय्य उदाहरण सापडणे कठीण.

संचलनाच्या अखेरीस काय वाजावे, या प्रश्नाने अलीकडे वाद निर्माण केला. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात अनेक वर्षे ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती प्रार्थनेची धून वाजत असे. हेन्री फ्रान्सिस लाइटची ही प्रार्थना गांधीजींना प्रिय होती. २०२२ मध्ये ती वगळण्यात आली आणि कवी प्रदीप यांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ला स्थान मिळाले. ही निवड पराभवानंतरची आहे, हे मात्र चर्चेत फारसे आले नाही. १९६२ च्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, लता मंगेशकरांनी ते पंडित नेहरूंच्या उपस्थितीत गायिले, चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. एक प्रार्थना गेली आणि तिच्याबरोबर गांधीजींच्या सायंप्रार्थनेचा एक धागा तुटला, ही हानी खरीच. पण तिच्या जागी विजयाची ललकारी आली नाही, शोकच आला. शस्त्रांच्या प्रदर्शनाच्या शेवटी राष्ट्राने मृतांपुढे थबकावे, ही जुनी जाण शिल्लक राहिली.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हे विशेषण कायमचे जडले आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथून मुलगे पलटणीत गेले. बँडचा ठोका त्यांच्या पायांसाठी होता; मागे राहिलेल्या आईच्या आणि कारभारणीच्या वाट्याला कोणतीही चाल आली नाही. समरगीतांचा इतिहास लिहिताना ही रिकामी जागा मोजावी लागेल. शिपायाला पुढे नेणारे गाणे हवे असते, हे मान्य. पण जे गाणे त्याला पुढे नेऊन परत वळून पाहते, दिव्याखालच्या स्त्रीकडे, खिंडीत पडलेल्या सातांकडे, डफासमोर बसलेल्या गावाकडे, तेच पलटण बरखास्त झाल्यावरही उरते.