साहेबमामांचं देहू

‘संत तुकाराम’ पाहून देहूला गेलेल्या माणसाला पडद्यावरचं गाव काही सापडत नाही. सापडणार कसं? १९३६च्या त्या चित्रपटातलं देहू बरंचसं पुण्यात, ‘प्रभात’च्या आवारात वसलं होतं. विष्णुपंत दामल्यांच्या जोडीने चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या फत्तेलालांनी, म्हणजे सगळ्यांच्या साहेबमामांनी, ते वसवलं.

साहेबमामा हे आनंदराव आणि बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरी तालमीतले. तिथे नाटकांचे पडदे रंगायचे आणि सपाट कापडावर महालाच्या कमानी खोल खोल जायच्या. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीत आणि १९२९पासून ‘प्रभात’मध्ये हे महाल कापडावरून उतरून सेट म्हणून उभे राहिले. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अमृतमंथन’मध्ये ते चांगलेच मिरवतात.

म्हणूनच देहूचं कौतुक. महाल बांधणाऱ्या हाताने तुकोबांचं घर साधं ठेवलं. त्यांच्या बायकोची, आवलीची, म्हैससुद्धा त्यात उपरी वाटत नाही. शेवटी तुकोबांना न्यायला आभाळातून विमान उतरतं, तेव्हा मात्र ट्रिकसीन आज लगेच कळतं. तरी ते खपून जातं, कारण तोवर प्रेक्षकाने खालच्या गावावर विश्वास टाकलेला असतो.

सेट न बांधताही असा विश्वास मिळवायची एक शक्कल अमेरिकेत चित्रपटकार नॉर्मन डॉनने १९०७मध्येच लढवली होती. कॅलिफोर्नियातल्या जुन्या मिशनच्या इमारती पडायला आलेल्या. त्याने कॅमेऱ्यासमोर काच धरली आणि ढासळलेला भाग तिच्यावर रंगवला. डोंगर-झाडं खरी, छप्पर काचेवरचं! आता ते काम टॅब्लेटवर होतं: खाली फोटोचा लेअर, वर रेघांचा.

देहू आज पिंपरी-चिंचवडला खेटून आहे. तळवड्याकडून येताना शेड, तारा, कंटेनर. इथल्या फोटोवर रेघा ओढणाऱ्या डिजिटल चित्रकाराचा हात आधी खोडरबराकडेच जाईल. पण सगळं खोडून केलेलं देहू फार गुळगुळीत होईल. दोन-चार तारा राहू द्याव्यात.

इंद्रायणीपल्याड चाकणला तर कामच काम आहे. तिथला संग्रामदुर्ग १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला. आता गावात उरलेत अवशेष. त्यांच्या फोटोवर तट पुरा करायचा तर तो बुरूज सुरुंगाआधीचा काढायचा की नंतरचा, आणि मागची घरं ठेवायची की नाही, हे पेन टेकवण्याआधीच ठरवावं लागेल.