छातीवरचा थांबा

वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनचा कट्टा उचलणारा हमाल आधी गुडघे वाकवतो. भार पायांवर, हात नुसते धरायला. व्यायामशाळेत मीही पोरांना तेच सांगत आलो: बेंच प्रेस असला तरी टाचा जमिनीत रोवा, जोर तिथून येतो.

मग रिसोडकडची एक पोरगी आली. डावा पाय जन्मापासून आखूड, बारीक. तिला पॅरा पॉवरलिफ्टिंग करायचं होतं. त्यात स्क्वॉट नाही, डेडलिफ्ट नाही. फक्त बेंच प्रेस, तोही पाय बाकावरच लांब सोडून, पट्ट्यांनी बांधून. माझी निम्मी विद्या पहिल्याच दिवशी बाद झाली. बाकही बाद. स्पर्धेतला २.१ मीटर लांब, ६१ सेंटिमीटर रुंद, डोक्याकडे तेवढा निमुळता. आमचा अरुंद, मांडीपाशीच संपणारा. सुताराकडून फळ्या आणून रुंदी-लांबी वाढवली.

दांडी वर जाताना डावीकडे कलायची. दोन्ही हात सारखे गेले नाहीत की पंच लाल दिवा देतात. चार महिने मी तिच्या डाव्या हाताला बोल लावला, डंबेल वाढवत गेलो. एकदा सहज पायथ्याशी उभा राहिलो, तर दिसलं, कंबरच फिरतेय. मी एकच पट्टा दोन्ही पायांवरून आवळत होतो. धडका पाय दाबला जाई, बारका खाली मोकळाच. दुसरा पट्टा मांडीवर घेतला आणि दांडी हळूहळू सरळ झाली. चार महिने फुकट घालवले, दुसरं काय.

अथेन्सला २००४ च्या पॅरालिम्पिकमध्ये राजिंदरसिंग रहेलूने ५६ किलो गटात १५७.५ किलो उचलून कांस्य मिळवलं. ते ऐकून पोरं आकड्यावर भाळतात. तिने विचारलं, ‘‘छातीवर किती थांबले असतील, सर?’’

प्रश्न नेमका होता. दांडी छातीवर आणून निश्चल ठेवायची, मगच वर. ‘स्टार्ट’ पंच म्हणतात, शेवटी ‘रॅक’ म्हणतात. मधे ‘दाबा’ कोणी म्हणत नाही. थांबा पुरेसा झाला की नाही, ते उचलणाऱ्यानेच ओळखायचं. ‘‘वजन नाई सर, थांबनंच जड जाते,’’ ती म्हणते.

मला तर ते बघणंच जड जातं. दांडी छातीवर टेकली की माझे हात आपोआप खाली जातात. ती छताकडे बघत, ओठ न हलवता म्हणते, ‘‘हात काढा, सर.’’